डाव्या पायाच्या दहा लाथा

मित्रांनो, माझे नाव स्पार्क. आमच्या नॉर्वेत स्पार्क म्हणजे लाथ. माणसाने बर्फाला लाथ मारली की मी पळते, म्हणून हे नाव. मी बर्फावरची घसरगाडी, दिसायला अगदी साधी. पुढे एक लाकडी खुर्ची, तिच्याखाली पोलादाच्या दोन लांब पट्ट्या आणि पाठीला धरायला एक आडवा दांडा. एकाने खुर्चीत बसायचे, दुसऱ्याने मागे एका पट्टीवर पाय ठेवून दुसऱ्या पायाने रस्ता मागे ढकलायचा. यापलीकडे माझ्यात काही यंत्र नाही.

आता मी फार जुनी झाले आहे. पण ज्या पायांच्या लाथांवर मी पळले, त्यांतले दोन पाय पुढे देशासाठी सत्त्याण्णव सामने खेळले. ते पाय लोकांनी दूरदर्शनवर पाहिले. मी त्यांचा जोर माझ्या अंगावर झेललेला आहे. त्या पायांची गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म स्तेनमू गावच्या लाकूड-गिरणीत झाला. ग्लोमा नदीच्या काठावर ती गिरणी होती आणि बोर्गिल नावाची बावीस वर्षांची मुलगी तिथे फळ्या रचायचे काम करी. तिचे घर गिरणीपासून चार किलोमीटर दूर होते. तिची रोजची पायपीट पाहून गिरणीतल्या सुताराने उरलेल्या भूर्जाच्या फळीतून माझी खुर्ची केली आणि लोहाराने पट्ट्या वाकवून दिल्या. पहिल्याच दिवशी बोर्गिलने मला अशी पळवली की दुकानाच्या वळणावर आम्ही दोघी बर्फाच्या ढिगात जाऊन पडलो. ती उठली, अंग झटकले आणि म्हणाली, "चालते की." एवढी स्तुती तिच्या तोंडून मी पुढे फार थोड्या वेळा ऐकली.

चाळीस हिवाळे मी तिचे काम केले. पिठाची पोती वाहिली, सरपण वाहिले, एकदा एक आजारी मेंढीही वाहिली. पण त्या चाळीस वर्षांत गिरणीच्या करवतीच्या कर्कश आवाजाने बोर्गिलची श्रवणशक्ती नेली आणि फळ्यांच्या ओझ्याने तिचा उजवा खुबा झिजवला. बासष्टाव्या वर्षी तिला लाथ मारता येईना. मग मी तिच्या दाराच्या पायऱ्यांपाशी भिंतीला टेकून उभी राहू लागले.

शेजारच्या घरात ओद्वार नीगोर राहत असे. तो लाकडाचे ओंडके वाहणारी मोठी लॉरी चालवी. त्याची मुलगी तोरुन तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिला फुटबॉलचे वेड होते. मैदान दोन किलोमीटरवर होते. एके दिवशी ती सरळ येऊन बोर्गिलसमोर उभी राहिली.

"तुझी स्पार्क तू वापरत नाहीस," ती म्हणाली.

"मग?"

"मी वापरते."

बोर्गिलने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. "शनिवारी मला दुकानात न्यायचं. बाकीचे दिवस तुझी. पण एक अट आहे. मला लॉरी ऐकू येत नाही. पुढचं मी बघेन, मागचं तू बघायचं."

ही अट लहान नव्हती. हिवाळ्यात आमचा रस्ता दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंतींमध्ये अरुंद होतो आणि ओंडक्यांनी भरलेली लॉरी घसरड्या वळणावर चटकन थांबू शकत नाही. पहिल्या शनिवारी तोरुन मागे पाहायला वळली की तिची लाथ चुकायची आणि मी वाकडी जायची. बोर्गिल खुर्चीतून ओरडायची, "काय दिसलं?"

"काही नाही," तोरुन तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणायची.

"काही नाही असं काही नसतं. नीट सांग."

"पोस्टाची गाडी उभी आहे. एक कुत्रा आहे. वळणावर लॉरी आहे."

"आपल्यापर्यंत यायला किती वेळ?"

तोरुनने पुन्हा मान वळवली. "वीस लाथा."

"मग पंधराव्या लाथेला बाजूला हो."

असे पाच हिवाळे गेले. पहिला हिवाळा संपेपर्यंत तिची मान वळायची आणि पायाचा ठेका चुकायचा नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ती इतक्या कमी वेळात मागचे पाहून घेई की मला तिचे वळणे कळतही नसे. मग एक दिवस मला जाणवले, की या मुलीच्या डोक्यात रस्त्याचे एक चित्र सतत चालू असते. पुढचे, मागचे, बाजूचे सगळे तिला ठाऊक असते. कोण कुठून येतो आहे आणि किती लाथांत पोहोचेल, हेही. मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण त्या दिवशी मला विलक्षण वाटले.

गावचा पोस्टमन आर्विद मुलींना फुटबॉल शिकवी. एप्रिलमध्ये मैदानावरचा बर्फ खरवडून काढत आणि मुली खालच्या खडीवर खेळत. पडले की गुडघे सोलून निघत. तोरुन तेरा वर्षांची असताना शहरातल्या मुलींचा संघ आमच्याकडे खेळायला आला. रस्ता अजून गोठलेला होता, म्हणून तोरुनने बोर्गिलला माझ्यावर बसवून आणले. मांडीवर घोंगडी आणि हातात कॉफीचा थर्मास घेऊन बोर्गिल मैदानाच्या रेषेपाशी बसली.

तोरुन मधल्या फळीत होती. शहरातल्या मुली तिच्यापेक्षा उंच होत्या, वेगवान होत्या. पण चेंडू तिच्याकडे येण्याआधी ती एकदा डाव्या खांद्यावरून पाही, एकदा उजव्या. चेंडू पायाशी आला की तो दुसऱ्या क्षणी तिथे नसे. धावून आलेली मुलगी रिकाम्या खडीवर घसरायची. त्या दिवशी आमच्या गावाने तीन गोल केले. तिन्ही आघाडीच्या मुलीने मारले. लोक तिच्या नावाने टाळ्या वाजवत होते.

आर्विद बोर्गिलच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "तोरुन चेंडू यायच्या आधी मागे का बघते? मी तर शिकवलं नाही."

"लॉरी येते का बघते," बोर्गिल म्हणाली.

आर्विदला ते कळले नाही. बोर्गिलने विचारले, "आणि टाळ्या त्या दुसरीला का?"

"गोल तिने मारले."

"तिचा पाय मध्ये आला म्हणून झाले," बोर्गिल म्हणाली आणि कॉफी ओतली.

सोळाव्या वर्षी तोरुन ट्रॉनहेम शहरातल्या एका क्लबकडे गेली. विसाव्या वर्षी तिला देशाच्या संघात बोलावले. त्या सामन्याच्या दिवशी बोर्गिलने वाफल, म्हणजे चौकटीदार गोड घावन, भाजले, तपकिरी चीज कापले आणि ओद्वारला बोलावले. तिला ऐकू यावे म्हणून ती दूरदर्शनचा आवाज इतका वाढवी, की बाहेर भिंतीला टेकलेल्या मलाही सगळे ऐकू येई. त्यामुळेच तोरुनचे सगळे सामने मला माहीत आहेत.

सामना संपल्यावर ओद्वार म्हणाला, "निवेदकानं नाव तीनदाच घेतलं तिचं."

"मागे किती वेळा बघितलं, मोजलंस?"

"नाही."

"मग गप्प बस. मी मोजलं. एकशे बारा."

तीन वर्षे असेच चालले. मग तो ऑक्टोबर आला. पायऱ्यांवर पहिला बर्फ पडला होता. वाफलचा धूर झाला म्हणून बोर्गिलने खिडकी उघडी ठेवली होती. निवेदक सांगत होता, चेंडू नीगोरकडे. मग तो थांबला. मग म्हणाला, की तिला कोणी धक्काही दिलेला नाही. तिने मागे पाहिले, डावा पाय रोवला आणि वळली. अंग वळले, गुडघा जागेवर राहिला.

बोर्गिलने दूरदर्शन संच बंद केला. ओद्वार बाहेर आला आणि माझ्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याने हातमोजे घातले नव्हते. थंडीने त्याचे हात लाल झाले तरी तो हलला नाही.

नोव्हेंबरमध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारीत तोरुन कुबड्या घेऊन गावी आली. बोर्गिल तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची होती. आदल्या वर्षी तिच्या खुब्यात धातूचा नवा सांधा बसवला होता आणि ती पुन्हा चालू लागली होती. ती तोरुनला घेऊन माझ्यापाशी आली.

"बस."

"मला चालता येतं."

"येत नाही. बस."

तोरुन बसली. माझ्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती. बोर्गिलने मागून हळू लाथ मारली. आम्ही रस्त्याला लागलो आणि तोरुन सवयीने मान वळवून मागे पाहू लागली.

"पुढे बघ," बोर्गिल म्हणाली. "आज मागचं माझ्याकडे आहे."

"तुला ऐकू येत नाही."

"मला दिसतं."

थोडे अंतर तसेच गेले. मग बोर्गिलने विचारले, "आधी दुखत होतं?"

तोरुनचे तोंड आता पुढे होते. बोर्गिलने मला थांबवले, वळसा घालून पुढे आली आणि तिच्या ओठांकडे पाहत उभी राहिली. तिला उत्तर वाचायचे होते.

"ऑगस्टपासून," तोरुन म्हणाली.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. माझी जागा दुसरीला गेली असती."

"आता?"

"आता गेलीच." तिने हातमोज्याने नाक पुसले. "पेपरमध्ये आलंय, की वेग तर हिला कधी नव्हताच, आता पायही नाही. मी परत जाणार नाही, बोर्गिल. बाबांच्या कंपनीत लॉरी चालवेन."

"चालव," बोर्गिल म्हणाली. "क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो. तोवर पाय बरा कर."

मार्चमध्ये तालुक्याच्या गावी व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तिला मला पळवायची परवानगी दिली. बुटांना खिळ्यांचे तळवे लावायचे, रस्ता सपाट असला पाहिजे आणि दुखले की थांबायचे, असे त्यांनी बजावले. तोरुन माझ्या मागे उभी राहिली. आमच्या रस्त्याच्या कडेला बर्फ काढणाऱ्या गाडीला कडा कळावी म्हणून ठरावीक अंतरावर काठ्या रोवलेल्या असतात. आधी तिने उजव्या पायाने दहा लाथा मारल्या. मी अकरा काठ्या पार करून थांबले. मग तिने पाय बदलला. डाव्या पायाच्या दहा लाथा. मी दोन काठ्याही ओलांडल्या नाहीत.

मित्रांनो, त्या लाथांचा जोर मला अजून आठवतो. आठ वर्षांच्या मुलीचा पायही त्याहून जड पडत असे. पाय बर्फाला टेकायचा, पण ढकलायचा नाही. जणू त्याला भीती वाटत होती. तोरुनने मला घरी आणले, भिंतीला टेकवले आणि बराच वेळ काठ्यांकडे पाहत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. दोन काठ्या. तिसऱ्या दिवशी दोन. आठव्या दिवशी तीन. गुडघा सुजला की ती दोन दिवस यायची नाही, आणि मग मीच घाबरायचे. पण ती यायची. महिनाभराने सहा काठ्या झाल्या. मी अनेक बळकट पुरुषांच्या लाथांवर पळले आहे. पण त्या दुखऱ्या पायाने रोज वीतभर जास्त ढकललेल्या बर्फाएवढे मोठे काही मी पाहिलेले नाही.

एप्रिलच्या शेवटी रस्त्यावरचा बर्फ एका सकाळपुरताच उरला होता. दुपारी तो वितळणार, हे सगळ्यांना दिसत होते. त्या सकाळी तोरुनने आधी उजव्या पायाच्या दहा लाथा मारल्या. अकरा काठ्या. मग तिने मला वळवले, पाय बदलला आणि डाव्या पायाने सुरुवात केली. चौथ्या लाथेला तिने मागे पाहिले आणि ती थांबली. मागे ओद्वारची लॉरी होती, ओंडक्यांनी भरलेली. लॉरीच्या मागे दोन मोटारी, त्यांच्या मागे दूधवाल्याचा ट्रक. कधीपासून ते सगळे असे हळूहळू येत होते कोण जाणे. कोणीही भोंगा वाजवला नव्हता.

तोरुन मला बाजूला ओढू लागली. ओद्वारने खिडकीची काच खाली केली.

"किती झाल्या?"

"चार."

"दहा पूर्ण कर."

"बाबा, मागे सगळे थांबलेत."

"थांबू दे. लाकूड कुठे पळून जात नाही."

दूधवाला खाली उतरून हात बांधून उभा होता. त्यानेही मान हलवली. तोरुनने माझा दांडा घट्ट धरला. पाच. सहा. सातव्या लाथेला तिच्या तोंडून एक आवाज निघाला, पण पाय थांबला नाही. आठ. नऊ. दहावी लाथ अशी पडली की माझे जुने सांधे कुरकुरले. मी घसरत गेले, घसरत गेले आणि अकराव्या काठीच्या पुढे जाऊन थांबले.

दूधवाला आपल्या ट्रककडे परत गेला. आमच्याकडे लोक अशा वेळी बोलत नाहीत. ओद्वारची लॉरी शेजारून गेली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलेही नाही, कारण त्याला डोळे पुसायचे होते. मोटारीतली एक बाई मात्र काच खाली करून म्हणाली, "मे महिन्यात रस्ता कोरडा असेल. तेव्हा आम्हाला अडवू नकोस म्हणजे झालं."

तोरुन हसली. जानेवारीपासून मी तिला हसताना ऐकले नव्हते.

ती परत गेली. शरद ऋतूत क्लबसाठी उतरली आणि पुढच्या वसंतात देशासाठी. पुढे दहा वर्षे ती खेळली. संघाची कर्णधार झाली. सत्त्याण्णव सामन्यांत तिने गोल केले फक्त चार, आणि बोर्गिल त्या चारांबद्दलही म्हणायची, की पास द्यायला कोणी नव्हतं म्हणून मारले असतील. शेवटच्या सामन्याला बोर्गिल अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. खिडकीतून मला निवेदकाचा आवाज येत होता. सामना संपायला थोडाच वेळ होता, दोन बचावपटू तोरुनवर धावून आल्या होत्या, आणि समोर न पाहताच तिने त्या दोघींच्या मधून पन्नास पावले दूर चेंडू धाडला. तो बरोबर आघाडीच्या मुलीच्या पायात पडला. गोल झाला. निवेदक गोल करणारीचे नाव पुन्हा पुन्हा घेत होता.

आत बोर्गिल एवढेच म्हणाली, "डावा पाय होता."

"हो," ओद्वार म्हणाला.

दोन वर्षांनी बोर्गिल गेली. तिचे घर राजधानीतल्या एका कुटुंबाने सुट्टीसाठी घेतले. माणसे चांगली होती. त्यांनी मला लाल रंग दिला, खुर्चीवर फुलांच्या कुंड्या ठेवल्या आणि माझ्यासोबत फोटो काढले. पण कुंड्यांचे पाणी माझ्या लाकडात मुरत गेले. पट्ट्या गंजून मातीत रुतल्या. हिवाळ्यात रस्त्यावर खडी टाकू लागले, आणि खडीवर माझ्या पट्ट्या घसरत नाहीत, तेव्हा माझी कोणाला आठवणही राहिली नाही. सात उन्हाळे मी तशीच उभी होते.

तोरुन गावी राहायला आली तेव्हा तिच्या केसांत पांढरे दिसू लागले होते. पायऱ्या चढताना ती कठडा धरत असे. एके दिवशी ती फाटकाशी थांबली, माझ्याकडे पाहिले आणि घरातल्या माणसांना म्हणाली, "ही मला देता का? कुंड्यांसाठी मी चांगली पेटी करून देते."

त्यांनी दिली. तिने आठ दिवस माझा गंज खरवडला. ओद्वार आता लॉरी चालवत नव्हता. त्याने कुजलेली फळी काढून भूर्जाची नवी बसवली. लाकडाला जवसाचे तेल पाजले. मग तोरुनने मला मैदानाच्या रेषेपाशी नेऊन ठेवले. तिथे ती आता गावच्या मुलींना शिकवते.

खेळ सुरू होण्याआधी ती प्रत्येक मुलीसमोर उभी राहून विचारते, "कुठे दुखतंय?" आणि विचारून पुढे जात नाही. थांबते. गेल्या वसंतात इदुन नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने मान हलवली, "कुठेच नाही." तोरुन तशीच उभी राहिली. बाकीच्या मुली चुळबुळ करू लागल्या. इदुन बुटाच्या टोकाने खडी उकरत होती.

"डावा घोटा," शेवटी ती म्हणाली. "पण थोडासाच. मी खेळू शकते."

"माहितीये. आज बस."

"माझी जागा ती दुसरी घेईल."

"आज घेईल," तोरुन म्हणाली. "पुढच्या आठवड्यात तू परत घे."

इदुन माझ्या खुर्चीत येऊन बसली आणि रागाने रडली. मी तिला काही सांगू शकले नाही. तुम्हाला मात्र सांगते. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला कोरडी ठेवा, तेल द्या आणि कामाला लावा. नुसती सजवू नका. आणि तुमचे स्वतःचे पाय, गुडघे, पाठ तुम्हाला रोज वाहून नेतात. ते दुखू लागले तर लपवू नका. दुखते असे म्हणायला खेळण्याइतकेच धैर्य लागते. तेवढे धैर्य धरा. आणि कोणी तुम्हाला तसे सांगितले, तर त्याची जागा राखून ठेवा.

पुढच्या बुधवारी इदुन खेळली. पूर्ण वेळ खेळली. मी रेषेपाशी रिकामी उभी होते. मला तसे रिकामे उभे राहणे फार आवडते.